किनाऱ्याकडे पाठ

बाबांनी डोळे तपासायच्या तक्त्याची शेवटची ओळ धडाधड वाचून दाखवली आणि मी चमकून तक्त्याकडे बघितलं, कारण ती ओळ आता तिथे नव्हतीच. जुना तक्ता पिवळा पडला म्हणून मी तो त्याच आठवड्यात काढला होता आणि त्याच खिळ्यांवर नवा लावला होता, वेगळ्या अक्षरांचा. "न, ठ, ग, ब, य, फ," बाबा पाढे म्हणावेत तसे म्हणाले आणि हनुवटी वर करून विचारलं, "अजून बारीक काही आहे का तुझ्या दुकानात?" मी म्हणाले, "बरोबर." चष्म्याच्या दुकानात इतकी वर्षं काढली की हा शब्द जिभेवरच बसलेला असतो, समोरचा घाबरू नये म्हणून. तो बाहेर पडला आणि मग परत घेता येईना. बाबा उंच स्टुलावरून उतरले, एक हात दाराच्या चौकटीला लावला आणि मगच पाऊल टाकलं. "चला, तुझ्या भावाला सांग फोन करून. बाप पास झाला. खडकाला जायला मोकळे." तपासणीच्या त्या अंधाऱ्या खोलीत मी एकटीच उरले आणि तक्त्याकडे बघत राहिले. शेवटच्या ओळीत साधा 'न'सुद्धा नव्हता. आणि खरं सांगायचं तर त्याच क्षणी, एवढी घाबरलेली असताना, माझ्या उजव्या हाताचं पहिलं बोट, गळाचा दोर ज्यावर धरतात ते, आपसूक वाकलं. दरवर्षी या दिवसांत ते तसं वाकतं. खडक जवळ आला की त्याला आधी कळतं.

खडक म्हणजे आमचा खडक. किनारा मागे पडून बारीक रेघ झाला की कुठेतरी पाण्याखाली तो आहे, पोवळ्यांनी भरलेला, वरून काहीच दिसत नाही असा. मोठा खडक वेगळा, तिथे सगळ्या भाड्याच्या बोटी जातात, लोक एकमेकांच्या गळात गळ अडकवून भांडतात आणि परत येतात. आमचा लहान आहे. जरा इकडेतिकडे झालं की खाली नुसती वाळू लागते आणि दिवसभर बसून आमिषं भिजवावी लागतात. तो बाबांना सापडला तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. तेव्हापासून वर्षातून एकदा आई, बाबा, आत्या, माझा धाकटा भाऊ आणि मी, असे पाच जण सुट्टी काढून त्या गावाला जातो, बोट घेतो आणि खडकावर जाऊन बसतो. धाकट्याला घरात छोटू म्हणतात, जरी आता तो दारातून वाकून आत येतो. आत्याला बोट लागते. दरवर्षी लागते, दरवर्षी ती शपथ घेते आणि दरवर्षी सगळ्यांच्या आधी तिची पिशवी भरलेली असते. आणि दरवर्षी, खडक जवळ आला असं बाबांना वाटलं की ते बोटीच्या मागच्या टोकाला जाऊन उभे राहतात, चपला काढून माझ्या मांडीवर देतात आणि म्हणतात, "बसा किनाऱ्याकडे पाठ करून." मग आम्ही सगळे पुढे तोंड करून बसतो. बोलायचं नाही, मागे वळायचं नाही. किनाऱ्यावरच्या खुणा फक्त बाबांनी बघायच्या. कुठली तरी पाण्याची टाकी कुठल्या तरी कारखान्याच्या चिमणीच्या आड गेली की तिथे खडक, एवढंच आम्हाला माहीत, आणि तेही आत्याने कधीतरी खोदून खोदून विचारल्यावर. इतरांनी बघितलं तर चार तोंडांनी बाहेर फुटेल आणि तिथेही जत्रा भरेल, असं बाबा म्हणत. आम्हाला ते पटलं होतं. लहानपणी तर मला वाटायचं की मी वळले तर खडकच विरघळून जाईल. मांडीवर बाबांच्या ओल्या चपला, समोर नुसतं पाणी, मागे बाबांचा श्वास, आणि मग एकदम तो शब्द, "थांब!" त्या एका शब्दासाठी मी वर्षभर शहाण्यासारखी वागायचे.

आता या वर्षी तो शब्द येणार कुठून? दुकानात येणाऱ्यांच्या चष्म्याचे बारीक स्क्रू पिळताना मी हाच विचार करत होते, आणि एकेक गोष्ट आठवून स्वतःवर चिडत होते. बाबा हल्ली बोलताना माझ्याकडे बघत नाहीत, माझ्या कानाकडे बघतात. मला वाटायचं, माझ्या केसांत काही अडकलंय. एवढी शिकलीसवरलेली मी, दुसऱ्यांच्या म्हाताऱ्या आईवडलांना हेच लक्षण समजावून सांगते की डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग विटला की माणूस कडेने बघायला लागतो, चेहऱ्याकडे सरळ बघितलं तर नुसतं धुकं, कानाकडे बघितलं तर चेहरा कडेने थोडा दिसतो. आणि माझ्या घरात माझाच कान कोणीतरी इतके महिने बघत होतं. आई सकाळी पेपर मोठ्याने वाचते, तेही मी लाडात घेतलं होतं. "म्हातारपणी प्रेम उतू चाललंय," असं मी आत्याला म्हणालेसुद्धा. आई त्यांच्या कपात चहा अर्धाच ओतते. त्यांना लवकर डॉक्टरकडे न्यायला हवं, जे उरलंय ते राखता येतं, उशीर केला तर नाही, हे मी रोज कोणाला ना कोणाला सांगते. मग बाबांना का सांगितलं नाही? कारण छोटूने अट घातली होती. "ताईकडे डोळे तपासून या, मग बोटीच्या मागे उभे राहा," असं तो म्हणाला होता, आणि बाबांनी त्यावर जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं की ज्या वर्षी खडक चुकेल त्या वर्षापासून मी येणार नाही. ते असं काही बोलले की तसं करतात. सिगारेट अशीच सोडली, मोठ्या काकांशी बोलणंही असंच सोडलं. आणि बाबा येणार नाहीत म्हणजे खडकही नाही, हे सांगायला ज्योतिषी नको. मी खरं बोलले तर त्यांना बोटीच्या मागून उठवायचं, आणि नाही बोलले तर त्यांनी सगळ्यांसमोर वाळूवर नांगर टाकायचा. दोन्हीकडून बाबाच जाणार होते.

एवढं सगळं डोक्यात असताना मला आनंद होत होता, हे सांगायला लाज वाटते पण होत होता. तो आवरता येत नव्हता. गल्लीतल्या दुकानातून दोऱ्याची नवी रिळं आणली तेव्हा दुकानदार म्हणाला, "लग्न आहे का घरी?" माझा चेहराच तसा झाला होता. रात्री जेवण झाल्यावर शिशाची वजनं फरशीवर मांडून बसले, गळ तेलाच्या फडक्याने पुसले, साबणाची वडी घेतली. साबण महत्त्वाचा. शिशाच्या बुडाला साबणाचा मऊ गोळा थापायचा आणि ते तळापर्यंत सोडायचं. वर आलं की साबणाला काय चिकटलंय ते बघायचं. वाळू असेल तर चुकलो. पोवळ्याची चुरी असेल, पांढरी, टोकदार, तर आलो. पहिल्यांदा मला ते बघू दिलं तेव्हा मी ती चुरी जिभेवर ठेवली होती. खारट आणि साबणाची, आणि कडकड वाजणारी. अजूनही कोणाच्या घरी कपड्यांच्या साबणाचा वास आला की माझ्या दाताखाली काहीतरी कडकडतं आणि उगाच हुरूप येतो. छोटूचा फोन आला तेव्हा मी साबणच मळत होते. "ताई, ऐक. कोणाला बोलू नकोस. मागच्या वर्षी मी गुपचूप फोनमध्ये जागा पकडून ठेवलीय. नकाशावर ठिपका आहे. बाबा चुकले तरी आपण चुकणार नाही." त्याच्या आवाजातही तेच होतं, माझ्या बोटात होतं ते. मी म्हणाले, "बाबा चुकले तर खडक सापडून काय करायचंय?" तो म्हणाला, "पास झाले ना ते तुझ्याकडे?" मी पुन्हा म्हणाले, "हो." माझ्या हातातला साबण इतका मऊ झाला होता की बोटांच्या मधून बाहेर आला.

त्या गावाला पोचलो तेव्हा उजाडत होतं. गाडीतून उतरल्यावर पहिला वास येतो तो डिझेलचा आणि मग त्याच्या मागून समुद्राचा. आत्याने दोन्ही छातीभर घेतले आणि म्हणाली, "मला आताच मळमळतंय. चला लवकर." आई हसली. आईच्या हातात थर्मास, उकडलेल्या अंड्यांचा डबा आणि बाबांचं कोपर होतं. कोपर तिने असं धरलं होतं की बघणाऱ्याला वाटावं तीच आधार घेतेय. मी ते बघितलं आणि तिने मला बघताना बघितलं. नावाडी नवा होता, दरवर्षी नवाच मिळतो, या वर्षीचा बोलका होता. "मोठ्या खडकावर नेऊ ना?" त्याने विचारलं. "तिथे हमखास." बाबा म्हणाले, "हमखास तुलाच लखलाभ. तू फक्त सरळ चल, मी सांगतो." बोट सुटली आणि मला बारा वर्षांच्या मुलीसारखं ओरडावंसं वाटलं. मी ओरडले नाही, पण छोटू ओरडला, इतका मोठा बाप्या, दोन मुलांचा बाप. पाण्याचे तुषार तोंडावर आले, दोरीच्या गुंडाळीवर आले, अंड्यांच्या डब्यावर आले. आत्याने डोळे मिटून बोटीचा कठडा धरला आणि "छान वाटतंय, छान वाटतंय," असं ओरडून सांगायला लागली, कोणी विचारलेलं नसताना. माझ्या मनात दोन बायका बसल्या होत्या. एक पाय आपटून हसत होती. दुसरी बाबांच्या पाठीकडे बघून हिशेब करत होती की किनारा किती दूर गेला, टाकी केवढी दिसेल, चिमणी केवढी, आणि ज्याला माझं नाक दिसत नाही त्याला त्या काय दिसणार. मी ठरवलं होतं. चपला मांडीवर आल्या की मी मोडणार होते तो नियम. मागे वळून टाकी आणि चिमणी मीच बघणार होते, आणि हळूच, खोकल्यासारखं काहीतरी करून बाबांना सांगणार होते. कसं, ते ठरलं नव्हतं.

किनारा रेघ झाला. बाबा उठले. आमच्या खांद्यांवर एकेक हात टेकत ते मागे गेले, आईचा खांदा, छोटूचा, माझा. माझ्या खांद्यावर हात जरा जास्त वेळ राहिला. मग वाकून चपला काढल्या आणि माझ्या मांडीवर ठेवल्या, अगदी बरोबर मांडीवर. "इंजिन बारीक कर," ते नावाड्याला म्हणाले. "आणि तूही पुढेच बघ. बसा रे, किनाऱ्याकडे पाठ करून." सगळे बसले. छोटूने फोन मांडीत लपवला, त्यावरचा ठिपका मला तिरक्या नजरेने दिसत होता, अजून बराच पुढे होता. पाणी सपाट दिसत होतं. इंजिनची घरघर खाली आली आणि कानात माझंच रक्त वाजायला लागलं. लहानपणापासून जे केलं नाही ते करताना मान जड होते, खरोखर जड होते, कोणीतरी धरून ठेवल्यासारखी. मी वळले.

किनाऱ्यावर टाकी होती की नाही, चिमणी होती की नाही, मला माहीत नाही. मी तिकडे बघितलंच नाही. बाबा दोन पावलांवर उभे होते आणि त्यांचे डोळे मिटलेले होते. घट्ट नाही, झोपेत असतात तसे. चेहरा थोडा वर होता. अनवाणी पायांची बोटं फाकलेली, तळवे फळीवर पूर्ण टेकलेले, गुडघे जरासे वाकलेले, आणि सगळं शरीर काहीतरी ऐकत होतं. किनाऱ्याकडे त्यांचंही तोंड नव्हतं. ते आमच्यासारखेच पुढे तोंड करून उभे होते. मी मुकाट्याने परत वळले. छातीत इतकं काही एकदम झालं की हसू येतंय की रडू ते कळेना. इतकी वर्षं. आम्ही किनाऱ्याकडे पाठ करून बसत होतो ते खुणा दिसू नयेत म्हणून नव्हे, तर बाबा कुठल्याच खुणा बघत नाहीत हे दिसू नये म्हणून. चपला पाय भिजू नयेत म्हणून काढतात असं आई सांगायची, आणि मी त्या चपला मांडीवर घेऊन त्यावर विश्वास ठेवायचे! मी माझ्याही चपला पायांनीच सरकवल्या. तळवे फळीवर ठेवले. डोळे मिटले. आधी फक्त इंजिन लागलं, दाढ दुखावी तसं. मग त्याच्या खालून पाणी, लांब, सुस्त, वर घेणारं आणि खाली सोडणारं, आणि त्याला काही घाई नव्हती. पुन्हा तसंच. पुन्हा. हे मला ओळखीचं होतं, हे मी आयुष्यभर याच फळ्यांवर बसून पायांनी ऐकलं होतं आणि लक्ष दिलं नव्हतं. मग ते लांब पाणी मधेच आखडलं. टाचेखाली काहीतरी छोटं, टणक ठोठावलं गेलं, आणि लगेच दुसऱ्यांदा, खालून कोणी दार वाजवावं तसं.

"थांब!" मी म्हणाले. आणि त्याच क्षणी मागून बाबा म्हणाले, "थांब!"

नावाड्याने इंजिन बंद केलं. सगळे एकदम वळले, नियम-बियम विसरून. आत्या म्हणाली, "हे दोघं काय एका सुरात?" नावाडी म्हणाला, "आजोबा, नक्की कोणाचं ऐकू?" बाबांचे डोळे आता उघडे होते आणि ते माझ्या कानाकडे बघत होते. "दोन्ही एकच," ते म्हणाले. त्यांचा आवाज जरा बसला होता. "सोड नांगर." छोटूने फोन वर काढला, ठिपक्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. ठिपका अजून पुढे होता. तो तोंड उघडणार एवढ्यात आईने शिसं त्याच्या हातात दिलं, साबण लावलेलं, तयार. "सोड," ती म्हणाली. दोर सुटत गेला, सुटत गेला, सैल पडला. छोटूने तो वर ओढला. साबणाला पांढरी, टोकदार चुरी चिकटली होती, गच्च. छोटूने ती बघितली, आईने बघितली, आत्याने हिरव्या पडलेल्या तोंडाने बघितली आणि मग ती कठड्यावरून वाकली, तिचं वार्षिक काम करायला. "मागच्या वर्षी मी खूण करेपर्यंत बोट वाहवली असणार," छोटू पुटपुटला, आणि फोन खिशात टाकून त्याने पुन्हा एकदा तसंच ओरडून घेतलं, बाप्याने.

गळ पाण्यात गेले. प्रत्येकाचा दोर प्रत्येकाच्या बोटावर. बाबा माझ्या शेजारी येऊन बसले. बाकीचे पलीकडच्या बाजूला, आत्याला पाणी पाजत, अंडी सोलत. आईने आमच्याकडे पाठ केली होती, चांगली भक्कम पाठ.

"किती वेळ बघत होतीस?" बाबांनी हळूच विचारलं.

"पुरेसा. टाकी कुठाय?"

"कसली टाकी." ते हसले. "पहिल्या वर्षी पायाखाली काहीतरी ठोठावलं, तिथे थांबलो, मासे मिळाले. तुझ्या आत्याने विचारलं, कसं कळलं? पायाला कळलं म्हटलं असतं तर तिने जन्मभर माझी टर उडवली असती. टाकी म्हटलं, चिमणी म्हटलं, सगळे गप्प बसले. मग ते सांभाळावं लागलं."

"पण मग डोळ्यांचं का लपवलंत? डोळे लागतच नाहीत तुम्हाला!"

"ते मला माहीत. तुम्हाला कुठे माहीत होतं?" त्यांनी दोर बोटावर नीट घेतला. "डोळे गेले म्हटलं की तुम्ही उभं राहू देणार नाही. आणि डोळे लागत नाहीत म्हटलं, तर इतकी वर्षं तुम्हाला पाठ करून बसवलं ते कशाला? दोन थापांच्या मधे सापडलो बघ."

मला त्यांची कीव आली नाही. मला त्यांचा राग आला आणि इतकं प्रेम आलं की मी त्यांच्या दंडाला चिमटा काढला, लहान पोराला काढावा तसा. "बाबा, तक्ता बदललाय मी."

"कधी?"

"तुम्ही यायच्या आधी. तुम्ही जुना वाचलात."

बाबांचे खांदे हलायला लागले. "तरी म्हटलं," ते हसत म्हणाले, "पांढरं जरा जास्तच दिसतंय." हसता हसता त्यांनी बाहीने डोळे पुसले. मीही पुसले. पलीकडून आत्या ओरडली, "काय चाललंय तिकडे? मासे पळतील!"

"परत गेलो की डोळ्यांच्या डॉक्टरांकडे," मी म्हणाले. "लगेच. जे आहे ते राखायचं. मी बरोबर येणार."

"येतो." मग जरा थांबून, "आणि टाकीचं?"

"टाकी आहे ना. चिमणीच्या आड. मी बघितली."

बाबांनी मान हलवली. त्यांनी हात पुढे केला, माझ्या मांडीवरच्या त्यांच्या चपला चाचपल्या, सापडल्या, पण घेतल्या नाहीत. खाली वाकून माझ्या, मी फळीवर तशाच टाकलेल्या, त्या शोधल्या आणि दोन्ही उचलून स्वतःच्या मांडीवर ठेवल्या. तळव्याने त्यांच्यावरचं पाणी निपटलं.

"पुढच्या वर्षी मागे तू उभी राहा," ते म्हणाले. "मी धरतो या."

मी काहीतरी बोलणार होते, एवढ्यात दोराला खालून हिसका बसला आणि माझं बोट वाकलं.